पीस, आरसे आणि भिंत

'मुघल-ए-आझम'मधलं सगळ्यात देखणं दृश्य कोणतं, असं कुणालाही विचारा. दहांतले नऊ जण शीशमहाल म्हणतील. आमच्या खटाव-माणच्या भागात तर त्या सिनेमाला 'आरशाचा पिच्चर' असंच नाव पडलं होतं. त्या नऊ जणांशी माझं भांडण नाही. आरसे मीही डोळे फाडून बघितलेत. पण मला विचाराल, तर मी पिसाचं नाव घेईन.

रात्रीची वेळ आहे. राजवाड्याची बाग आहे. लांब कुठंतरी तानसेन गातोय. अनारकली मान मागं टाकून बसलीय आणि सलीम हातातल्या पांढऱ्या पिसानं तिच्या कपाळावरून, गालावरून, ओठांवरून हलकेच फिरवतोय. बस्स, एवढंच. दोघंही बोलत नाहीत. पडद्यावर मधुबालाचा चेहरा आहे, त्याच्यावर उजेड पडलाय आणि भोवतीनं सगळा अंधार आहे. पीस मधे आलं की चेहरा अर्धा झाकतो, सरकलं की पुन्हा उजळतो. ढगाआडून चांदणं यावं-जावं तसं ते चालतं.

आवाज बडे गुलाम अली खाँसाहेबांचा आहे. त्यांना सिनेमात गायचं नव्हतं, म्हणून नकार द्यायच्या बेतानं त्यांनी पंचवीस हजार रुपये मागितले आणि दिग्दर्शक के. आसिफनं ते जागच्या जागी कबूल केले, अशी गोष्ट सांगतात. संगीत नौशादचं. बंदिश सोहनी रागातली. मला रागदारीतलं फार कळत नाही, पण सोहनी रात्रीच्या शेवटच्या प्रहराला गातात एवढं कळल्यावर त्या दृश्याचं कुलूप उघडलं. शेवटचा प्रहर म्हणजे आमच्याकडं बायका जात्यावर बसायच्या ती वेळ. अजून अंधार आहे, पण कोंबडं आरवायला टेकलंय. या दोघांच्या वाट्याला ही रात्र आलीय खरी, पण ती संपत आलेली रात्र आहे. उजाडलं की राजवाडा जागा होणार. हे कुणी बोलून दाखवत नाही. राग ते सांगतो.

एवढा मोठा सिनेमा. सव्वातीन तासांचा. त्यात हत्ती आहेत, तोफा आहेत, उंटांची रांग क्षितिजापर्यंत गेलीय. आणि दोन जीवांचं प्रेम मात्र एका पिसाच्या वजनात दाखवलंय. मला वाटतं, आसिफला हा हिशेब पक्का ठाऊक होता. एका पारड्यात अख्खं साम्राज्य टाकायचं, दुसऱ्यात पीस. कुठलं पारडं खाली जाणार हे बघणाऱ्याला पहिल्यापासून दिसतं. तरी तो पिसाकडंच बघत बसतो.

मी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तो पुसेगावला, सेवागिरी महाराजांच्या यात्रेत, तंबूत. दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती आणि मी चौथीत होतो. म्हणजे १९७४ची यात्रा. सिनेमा निघाला १९६० साली, ५ ऑगस्टला, मुंबईत मराठा मंदिरला. रिळं हत्तीवरून मिरवत नेली होती म्हणे. आमच्याकडं तीच रिळं यायला चौदा वर्षं लागली आणि ती आली मालट्रकमधून, गोणपाटात गुंडाळून. सिनेमातला सलीमही लढाईवर पाठवलेला परत येतो तो चौदा वर्षांनीच, तेव्हा तक्रारीला जागा नाही.

तंबूत मधोमध दोर बांधलेला असायचा. एका बाजूला गडीमाणसं, दुसऱ्या बाजूला बायका. मी अजून बायकांच्या बाजूला बसायच्या वयाचा होतो. आजी, धाकटी आत्या आणि आळीतल्या सात-आठ जणी असा आमचा ताफा. खाली वाळू, वाळूवर पटकूर. पडदा दोन कापडं जोडून शिवलेला. ती शिवण नेमकी अकबराच्या छातीवरून जायची, जणू बादशहाला कुणी दोर आवळून बांधलंय. वारं सुटलं की पडदा फुगायचा आणि आग्र्याचा किल्ला श्वास घ्यायचा. रिळं झिजलेली, त्यामुळं सगळ्या हिंदुस्थानावर बारीक पाऊस पडत असायचा. दर रिळाला मशीन थांबायचं. तेवढ्यात शेंगा फोडून व्हायच्या.

भाषेचं म्हणाल तर निम्म्या बायकांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. उर्दू, तीही दरबारी. पण कुणी उठून गेलं नाही. पृथ्वीराज कपूरच्या आवाजावरून कळायचं की आता राजा चिडला. दुर्गा खोट्यांच्या पदरावरून कळायचं की आता आईच्या पोटात कालवलं. आणि मधुबालाच्या वेळी तर कळायचं काही बाकीच राहायचं नाही. आमच्या पुढं बसलेली एक म्हातारी तिच्याकडं बघून कडाकडा बोटं मोडायची. दृष्ट लागू नये म्हणून.

शीशमहालाचं रिळ रंगीत होतं. बहुतेक सिनेमा काळा-पांढरा आणि मधेच एकदम रंग. तंबूवाल्यानं आठ दिवस भोंग्यावरून याचीच जाहिरात केली होती. तो रंग आला तेव्हा तंबूतून जो आवाज निघाला तो मी पुढं कधी ऐकला नाही. ओरडणं नव्हतं ते. शेकडो माणसांनी एकदम आत ओढलेला श्वास होता.

त्या आरशांची हकीकत मोठेपणी वाचली. अंधेरीच्या मोहन स्टुडिओत हा महाल उभा केला होता. दीडशे फूट लांब, ऐंशी फूट रुंद, पस्तीस फूट उंच. काचा बेल्जियमच्या, कारागीर फिरोजाबादचे, आणि उभारायला दोन वर्षं गेली. उभा राहिला तेव्हा लक्षात आलं की यात चित्रण करताच येत नाही. दिवा लावला की हजार आरसे तो कॅमेऱ्याच्या डोळ्यात परत फेकणार. उन्हाळ्यात भर दुपारी नव्या पत्र्याच्या छपराकडं ज्यानं पाहिलंय त्याला ही अडचण समजावून सांगायला नको. जाणत्यांनी हात टेकले. छायालेखक आर. डी. माथुर यांनी मात्र सोडलं नाही. थेट झोत टाकायच्या ऐवजी त्यांनी उजेड आधी दुसऱ्यावर पाडला आणि तिथून उलटून आलेला मऊ उजेड महालात सोडला. म्हणून तो महाल चमकतो, पण डोळ्यांना टोचत नाही. माथुरना त्या वर्षीचं छायालेखनाचं फिल्मफेअर मिळालं. आमच्या गावातल्या एका गवंड्यानं तंबूतून बाहेर पडताना त्याच्या परीनं पावती दिली होती. "काचा कुनीबी लावील गा. पर त्या काचंत उजेड कोंडला कसा, त्ये इचार."

इथवर सौंदर्याचं कौतुक झालं. ते करावंच. पण नुसतं कौतुक करून थांबलं तर हा सिनेमा म्हणजे दागिन्यांचं दुकान होतं. त्यातल्या सुंदर वस्तू कुणाच्या मालकीच्या आहेत, हा प्रश्न विचारला की मग तो उलगडतो.

अनारकली आपल्याला पहिल्यांदा दिसते तीच मुळी मूर्ती म्हणून. एका शिल्पकारानं मूर्ती द्यायचं कबूल केलेलं असतं, ती वेळेत पुरी होत नाही, म्हणून नादिरा नावाच्या दासीला मूर्तीच्या जागी उभं करतात. समोर मोत्यांचा पडदा. सलीम बाण मारून तो पडदा उघडतो. बाण सुटला तरी पोरगी हलत नाही. नंतर बादशहा विचारतो, तेव्हा ती म्हणते, कथा खरी होताना बघायची होती. या उत्तरावर खूश होऊन अकबर तिला नवं नाव देतो, अनारकली. दरबार वाहवा करतो.

आता थोडं थांबून बघा. तिचं नाव बादशहानं दिलेलं. कपडे महालातले. नाचायची जागा बादशहाची. जिनं हलायचं नाही अशा जागी ती पहिल्यांदा उभी राहते, आणि शेवटी तिला ज्या भिंतीत चिणायचं ठरतं तिथंही तिनं हलायचं नसतंच. मूर्ती ते भिंत एवढाच तिचा प्रवास. मधला जो तुकडा तिचा स्वतःचा आहे त्यात ती हलते, धावते, नाचते, बेशुद्ध पडते, उलट उत्तर देते. म्हणून तो तुकडा इतका जिवंत वाटतो. आसिफनं तिच्या भोवती एवढी संपत्ती उधळलीय ती उगाच नव्हे. जेवढा महाल मोठा, तेवढी ती पोर आत एकटी दिसते.

शीशमहालातलं नाचणं या नजरेनं बघितलं की अंगावर काटा येतो. सलीमनं तिला भित्री ठरवलंय, तोंडात मारलीय. बादशहाच्या धाकानं ती दबलीय असं सगळ्यांना वाटतंय. आणि त्याच बादशहाच्या घरात, त्याच्या समोर, ती शकील बदायुनींच्या शब्दांत आणि लताबाईंच्या आवाजात सांगून टाकते की प्रेम केलंय, भ्यायचं कशाला. अकबर नजर वर करतो, तर छतातल्या प्रत्येक आरशात तीच. ज्या वैभवानं तिला झाकून टाकायचं, त्याच वैभवानं तिची हजार रूपं केली. बादशहानं हौसेनं लावलेल्या काचा त्याच्यावरच उलटल्या. नेमका याच जागी रंग येतो, हे मला फार मोलाचं वाटतं. आसिफला म्हणे सगळाच सिनेमा पुन्हा रंगीत करायचा होता, पण पैसे घालणारे तयार झाले नाहीत. बरंच झालं. सगळीकडं रंग असता तर तिच्या बंडाचा रंग वेगळा उठून दिसला नसता.

बेड्यांचंही तसंच. तुरुंगातल्या प्रसंगात मधुबालाच्या अंगावर खऱ्या लोखंडी साखळ्या होत्या असं सांगतात. तिच्या हृदयाला जन्मतः छिद्र होतं. पुढं ३६व्या वर्षी, १९६९ साली ती गेली. दिलीपकुमार आणि ती एकेकाळी एकमेकांची होती, आणि सिनेमा पुरा होता होता दोघांचं बोलणंसुद्धा बंद झालं होतं. पिसाच्या दृश्यातली दोन माणसं खऱ्या आयुष्यात एकमेकांशी बोलत नव्हती, हे कळल्यावर काही लोक ते दृश्य आणखी हळहळून बघतात. मला त्याची गरज वाटत नाही. पडद्यावर जे आहे तेवढं पुरेसं आहे. पण त्या बेड्या ओढताना तिचा जो श्वास लागतो, तो नाटकी नाही, एवढं मात्र डोळ्यांना कळतं.

उणं काढायचं तर तेही आहे. लढाई लांबलीय. संवाद कधीकधी इतके कोरीव होतात की माणूस बोलतोय की शिलालेख वाचतोय, कळत नाही. हिंदुस्थानचा नकाशाच सुरुवातीला उठून बोलायला लागतो, ते आज ऐकताना जड वाटतं. आणि इतिहास म्हणून याच्याकडं बघूच नये. ना अकबरनाम्यात अनारकली आहे, ना जहांगिरानं स्वतः लिहिलेल्या आठवणींत. लाहोरला तिच्या नावाची कबर आहे, दंतकथा आहेत आणि इम्तियाज अली ताज यांनी १९२२ साली लिहिलेलं नाटक आहे. सिनेमा त्या नाटकाच्या वाटेनं जातो.

सगळ्यात मोठं उणं मला सलीममध्ये दिसतं, आणि ते आसिफलाही दिसलं असावं अशी शंका येते. कव्वालीच्या प्रसंगात सलीम बहारला फूल देतो आणि अनारकलीला काटे. अनारकली ते काटे हसून घेते, म्हणते, यांना कोमेजायची भीती नाही. टाळ्या पडतात. पण देणारा राजपुत्र आहे आणि घेणारी दासी, हे त्या टाळ्यांत बुडून जातं. सलीम प्रेमासाठी बापाशी लढाई करतो, हजारो माणसं मरतात, तोफेपुढं उभा राहायलाही तयार होतो. शूर आहे, नाही म्हणत नाही. पण त्याचं प्रेम आणि त्याचा हट्ट यांच्यात शिवण कुठं आहे ते सापडत नाही. तिचं तसं नाही. त्याला वाचवायला ती आपणहून पुढं येते, आणि तिला मरणाआधी शेवटची इच्छा विचारतात तेव्हा एक रात्र हिंदुस्थानची मलिका व्हायचं मागते. स्वतःच्या हौसेसाठी नव्हे, सलीमनं दिलेला शब्द खोटा पडू नये म्हणून. डोक्यावर मुकुट ठेवून घेते आणि त्या एका रात्रीच्या अधिकारानं बादशहाला आपला खून माफ करते. हे एवढं मोठं वाक्य बोलायला सिनेमातल्या कुठल्याही पुरुषाची छाती झाली नसती.

तंबूतल्या बायकांचं मन मात्र जोधाबाईवर होतं. दुर्गा खोट्यांनी १९३२ साली 'अयोध्येचा राजा'त तारामती केली होती. नवऱ्याच्या सत्त्वापायी पोराची राखरांगोळी बघणारी आई त्यांच्या अंगात तेव्हापासून मुरलेली असणार. इथं बाप आणि लेक लढाईला समोरासमोर उभे आहेत आणि हिनं नवऱ्याच्या हातात तलवार द्यायचीय. कुंकू की लेक, निवड कर. त्या वेळी आमच्या बाजूला सगळ्यांचे पदर डोळ्यांना गेले. आजी म्हणाली, "हिला कोन इचारतंय का, बाई तुला काय वाटतं?" कुणीच विचारत नव्हतं. आमच्याकडंही विचारायची पद्धत नव्हती.

याचा प्रत्यय पुढच्याच वर्षी आला.

धाकटी आत्या त्या यात्रेत तो सिनेमा तीनदा बघून आली होती. तिसऱ्यांदा जाताना मला सोबतीला नेलं होतं, म्हणजे घरून सोडावं म्हणून. ती सतरा-अठराची असेल. वेशीजवळच्या शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करणारा एक पोरगा होता. जात वेगळी. काय, कधी, किती, ते मला ठाऊक नाही आणि ठाऊक असतं तरी इथं लिहिलं नसतं. एक दिवस घरात आवाज बंद झाले. चूल पेटत होती, गुरं पाण्यावर जात होती, पण कुणी कुणाशी मोठ्यानं बोलत नव्हतं. पंधरा दिवसांत पंढरपूरच्या पलीकडचं स्थळ आलं, आठ दिवसांत मांडव पडला. पोरगा मुंबईला गिरणीत गेला असं ऐकलं. कुणी कुणाला मारलं नाही. तोफ नव्हती, बेड्या नव्हत्या. एक वीटसुद्धा लागली नाही.

मला आजही कोडं वाटतं ते असं. तंबूत अनारकलीसाठी रडलेल्या सात-आठ जणी तीच माणसं होती. त्यांनी आत्याला हळद लावली, गाणी म्हटली, पाठवणीला रडल्याही. त्यांच्या रडण्यात खोट नव्हती. दोन्ही वेळा नव्हती. पडद्यावरची भिंत त्यांना दिसली, आळीतली दिसली नाही, असं म्हणून मोकळं होता येईल. मला ते पटत नाही. त्यांना दिसली असणार. त्यातल्या कितीजणी अशाच भिंतीतून आल्या होत्या कुणास ठाऊक. भिंत दिसणं वेगळं आणि तिची एक वीट आपण काढू शकतो असं वाटणं वेगळं. सिनेमा पहिलं काम करतो. दुसरं त्याच्या हातात नसतं. फार तर तो कुणाला तरी वाक्य पुरवतो. अनारकलीचं ते माफीचं वाक्य कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी पोरीनं स्वयंपाकघरात मनातल्या मनात म्हटलं असेल, एवढं मी धरून चालतो.

२००४च्या दिवाळीत अख्खा 'मुघल-ए-आझम' रंगीत होऊन पुन्हा थेटरांत लागला. आत्या भाऊबीजेला आमच्याकडं आली होती. सून, नातू, गुडघेदुखी, सगळं घेऊन. मी म्हटलं, चल आत्या, आरशाचा पिच्चर रंगीत झालाय. आली. मऊ खुर्ची, गार हवा, पडद्याला शिवण नाही, वारं नाही, रिळावर पाऊस नाही. आवाज असा की तानसेन शेजारच्या खुर्चीवर बसून गातोय. मला वाटलं, खूश होईल.

पिसाचं दृश्य आलं. बाग हिरवी झाली होती, कपडे रंगीत झाले होते, मधुबालाचे गाल गुलाबी. रंगवणाऱ्यांनी मेहनत घेतली होती, त्यात वाद नाही. आत्या बराच वेळ गप्प बसली. मग हळूच म्हणाली,

"येवढा उजेड कशाला केला रं ह्यात? तवा अंधार व्हता, त्येच बरं व्हतं. तेवढाच आडोसा हुता दोघांस्नी."

त्या दृश्याबद्दल मी पुष्कळ वाचलंय. याहून नेमकं कुणी बोलल्याचं आठवत नाही. माथुरनी ते दृश्य काळ्या-पांढऱ्यात रचलं तेव्हा अंधार ही त्यांना करावी लागलेली तडजोड नव्हती. अंधार हाच त्या दोघांचा महाल होता. बाकी सगळे महाल बादशहाचे; हा एवढा सावलीचा तुकडा त्यांचा. त्यात एक चेहरा उजळतो आणि लगेच पिसाआड जातो. तिथं बागेची पानंही हिरवी दिसायला लागली, की मग बाग बादशहाची होते, पहारेकऱ्यांना दिसेल अशी होते. सौंदर्य वाढलं आणि आडोसा गेला. शीशमहालात रंग हवा होता, कारण तिथं तिला दिसायचं होतं. बागेत नको होता, कारण तिथं लपायचं होतं.

नव्यानं बघणाऱ्यांना म्हणूनच माझं सांगणं आहे की जमलं तर जुनी प्रत शोधा. रंगीत हातात आली तर बागेच्या दृश्याला टीव्हीचा रंग घालवून बघा. हल्ली ते बटणावर होतं. आणि कान शेवटच्या प्रहराकडं ठेवा.

राहता राहिला शेवट. अकबर अनारकलीला चिणत नाही. सलीमच्या जन्माची बातमी आणली म्हणून तिच्या आईला त्यानं एकदा शब्द दिलेला असतो, मागशील ते देईन. आई तो शब्द काढते. न्याय मोडायचा नाही आणि शब्दही मोडायचा नाही, म्हणून बादशहा भिंत उभी करतो आणि तिच्या मागच्या भुयारातून मायलेकींना बाहेर सोडतो. अट एकच. ती जिवंत आहे हे सलीमला कधी कळता कामा नये. काही समीक्षक याला पळवाट म्हणतात. बादशहाची अब्रू राखायला दंतकथेची धार बोथट केली, असं म्हणतात. तंबूतही वाद झाला होता. गडीमाणसं म्हणत होती, राजा दिलदार निघाला, पोरगी वाचली. आजी घरी येईपर्यंत बोलली नाही. पायऱ्या चढताना म्हणाली, "वाचली म्हनं. आता रोज सकाळी उठायचं आलं की तिला."

मी आजीच्या बाजूचा आहे. भिंतीत मेली असती तर अनारकली सलीमच्या मनात तरी राहिली असती आणि तिचं स्वतःचं दुःख तिथंच संपलं असतं. भुयारातून बाहेर पडलेल्या बाईला पुढं कुणी नाव दिलं नसेल. ती कुठल्या गावात गेली, कुणाच्या घरी राहिली, तिनं कुणाला काही सांगितलं का, तिथं कॅमेरा जात नाही. आसिफ तिला अंधारात सोडतो आणि मागं वळतो. सिनेमा संपतो. पण अशा बाया असतात. त्या दळणकांडण करतात, नातवंडं सांभाळतात, गुडघ्याला तेल लावतात. त्यांच्याकडं पाहून कळत नाही की यांच्या मागं कुठंतरी एक भिंत उभी आहे, आणि तिच्या पलीकडं कुणाला तरी वाटतंय की आत कुणी नाही.